फेडलेल्या कर्जांचे कागद: गोव्यातली एक भटकंती

ज्या शहरानं आपलं कर्ज वेळेवर फेडलं, त्या शहराचा रोखा, म्हणजे बाँड, संग्राहकाच्या हाती सहसा लागत नाही. मुदत भरली की धनको रोखा घेऊन बँकेत जातो, मुद्दल मोजून घेतो, आणि रद्द झालेला कागद पुढे नष्ट केला जातो. कर्ज बुडवणाऱ्यांचे रोखे मात्र आजही गठ्ठ्यानं मिळतात. मॉस्को, सेंट पीटर्सबर्ग, बाकू या शहरांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला युरोपच्या बाजारातून पैसा उभा केला. १९१८ च्या फेब्रुवारीत बोल्शेविक सरकारनं जुनी कर्जं नाकारली, आणि थोड्या मागेपुढे या शहरांचे रोखेही त्यात बुडाले. फ्रान्समधल्या असंख्य घरांत ते पेटीच्या तळाशी पडून राहिले. १९९६ मध्ये रशियानं या जुन्या देण्यांपोटी फ्रान्सला ४० कोटी डॉलर द्यायचं कबूल केलं, तेव्हा नातवंडांनी ते कागद बाहेर काढले.

जुने रोखे आणि शेअर सर्टिफिकेटं जमवणाऱ्याच्या फायलीत त्यामुळे बुडालेल्या वचनांचीच गर्दी होते. सचोटीच्या शहराचा कागद बघायचा तर बहुतेक वेळा एकच वाट उरते: स्पेसिमेन, म्हणजे नमुना रोखा. खरा रोखा छापण्याआधी किंवा त्याच्या बरोबरीनं छापखाना मोजक्या नमुना प्रती काढायचा. त्यातल्या काही बँकांना आणि शेअरबाजाराला जायच्या, खिडकीवर आलेला रोखा खरा आहे की नाही हे ताडून बघायला. काही प्रती छापखान्याच्याच दप्तरात राहायच्या. नंबराच्या जागी शून्यं, अंगावर लाल अक्षरांत किंवा भोकं पाडून उमटवलेला ‘स्पेसिमेन’ हा शब्द, आणि सहीच्या जागी आरपार छिद्रं. तो वटत नाही, म्हणूनच टिकतो. गेली काही वर्षं मी शहरांचे नमुना रोखे शोधतो आहे. फोंड्याला माझा आतेभाऊ राहतो. त्याच्या ओळखीच्या एका काकांकडे असा एक आहे, शिवाय ‘आणखी पेटीभर पोर्तुगीज कागद’ आहेत, असा त्याचा फोन आला. त्या आठवड्याचं आरक्षण मिळालं आणि मी पुण्याहून निघालो.

बुधवार

लोंढा स्टेशन गेल्यावर मी झोप लागू दिली नाही. घाटमाथ्यावरच्या कॅसलरॉकला गाडी बराच वेळ उभी राहते, घाट उतरायला जादा इंजिनं जोडतात. बाहेर अंधार, पावसाळा नुकताच सरलेला, आणि डब्यात ओल्या झाडोऱ्याचा वास. दूधसागर दिसला नाही, पण पुलावरून जाताना त्याचा आवाज खिडकीत भरला.

मला या रुळांत रस आहे तो त्यांच्यामागच्या कागदांमुळे. मुरगावचं बंदर आणि तिथून कॅसलरॉकपर्यंतचा सुमारे ८२ किलोमीटरचा मार्ग बांधला तो ‘वेस्ट ऑफ इंडिया पोर्तुगीज गॅरंटीड रेल्वे’ या कंपनीनं. नावातच सगळी कुंडली आहे. कंपनी लंडनची, भांडवल तिथल्या बाजारातलं, हमी लिस्बनच्या सरकारची, आणि डोंगर फोडायचे गोव्यातले. मुळाशी होता २६ डिसेंबर १८७८ चा इंग्रज-पोर्तुगीज तह. त्यात गोव्यातल्या मिठाच्या धंद्यावर इंग्रजांचा ताबा मान्य झाला, आणि बदल्यात पोर्तुगीज सरकारला दर वर्षाला चार लाख रुपये मिळू लागले. मिठागरांवर पोट असलेल्यांचे हाल झाले. १८९२ मध्ये तह संपला, पण रूळ राहिले. १८८० च्या दशकाच्या अखेरीला मीटरगेज गाडी घाट चढू लागली. धंदा मात्र अपेक्षेएवढा कधीच झाला नाही. १९०२ पासून सदर्न मराठा रेल्वेनं हा मार्ग चालवायला घेतला. रुळांचं ब्रॉडगेज व्हायला १९९० चं दशक उजाडलं.

हमी असलेली रेल्वे म्हणजे काय, हे नीट समजून घ्यायला हवं. गाडी रिकामी धावली तरी भागधारकाला ठरलेलं व्याज मिळणार, आणि तूट सरकारी तिजोरी भरून काढणार. लंडनमधल्या एखाद्या निवृत्त माणसानं हा घाट कधी पाहिलाही नसेल, पण त्याचा सहामाही परतावा या घाटाच्या नावानं जमा होत होता. इथल्या गावकऱ्यानं घाट रोज पाहिला, कागद कधीच पाहिला नाही. गोव्याच्या नावावर उभ्या राहिलेल्या पैशाचे कागद गोव्यात इतके कमी का सापडतात, त्याचं कारण इथंच आहे.

कुळें स्टेशनावर उजाडायला लागलं. मडगावला उतरलो, आतेभाऊ गाडी घेऊन आला होता. घरी वहिनींनी पातळभाजी आणि पोई पुढे ठेवली, आणि म्हणाल्या, “भावोजी, काकांकडे शनिवारीच जायचं हां. आधी गेलात तर ते ओळख करून घेण्यातच दिवस घालवतील.” काका आधी माणूस पारखतात आणि मग पेटी उघडतात, अशी त्यांची ख्याती निघाली.

गुरुवार

पणजी. पाटोवरच्या कृष्णदास शामा मध्यवर्ती ग्रंथालयात सकाळी दार उघडतानाच पोहोचलो. या ग्रंथालयाची सुरुवात १८३२ ची. मला हवी होती ती पोर्तुगीज सरकारची जुनी राजपत्रं, म्हणजे बोलेतीं. १८३७ पासून निघालेलं हे राजपत्र वाचायला माझं पोर्तुगीज तोकडं आहे, पण आकडे, तारखा आणि हुद्दे ओळखण्याइतकं जमतं. तिथल्या ताई मदतीला आल्या. त्यांना पोर्तुगीज येत होतं, समजावत होत्या मराठीत, आणि मधेच कोंकणीत शिरत होत्या.

सरकारी राजपत्र वाचायची एक सवय लागते. नेमणुका आणि बदल्या भराभर उलटायच्या. लिलाव, भाडेपट्टे, बँकेच्या सूचना, नगरपालिकेच्या जाहिराती आल्या की थांबायचं. रोखा हातात असतो तेव्हा तो एकटा कागद असतो. तो कुठल्या गरजेतून निघाला हे अशाच कंटाळवाण्या पानांत सापडतं, कुठे पाणी हवं होतं, कुठे धक्का, कुठे रस्ता. रोख्यावरचं कोरीव चित्र बघून खूश होणारे पुष्कळ आहेत. त्यांना मी नावं ठेवत नाही, पण कागद वाचला नाही तर छंद निम्माच राहतो असं मला मनापासून वाटतं.

दुपारी पणजीच्या जुन्या भागात फिरलो. टपाल कचेरीच्या जवळ ‘काझा द मोएदा’ उभी आहे. १८३४ ते १८४१ या काळात इथं टांकसाळ होती. १८४३ मध्ये पणजी अधिकृत राजधानी झाली, त्याच्या थोडं आधी. आता इथून माणसं फोटो काढत जातात.

गोव्याचं दप्तर मात्र पणजीहून कितीतरी जुनं. १५९५ मध्ये दिओगो द कोउतो याची पहिला दप्तरदार म्हणून नेमणूक झाली, आणि तेव्हापासूनची परंपरा आजच्या पुराभिलेख खात्यापर्यंत येते. तिथं नुसतं पोर्तुगीज नाही. गावच्या कारभाराचे मराठी कागद आहेत, त्यांतले कित्येक गोयकानडी लिपीत. म्हणजे भाषा मराठी, अक्षरं वेगळी. मराठी माणसानं गोव्याच्या दप्तराकडे परक्याच्या नजरेनं बघायचं काही कारण नाही.

शुक्रवार

म्हापशाचा बाजार. केळीवाल्यांपाशी मयड्याची लांबलचक केळी, पुढे हरमलच्या मिरच्यांचे ढीग, चुरचुरणारी नाकं, आणि या सगळ्याच्या कडेला जुन्या वस्तू मांडून बसलेली मंडळी. पितळी समया, निळ्या रंगाच्या टाइल्सचे तुकडे, ग्रामोफोनचे कर्णे, नाणी, नोटा.

नोटा बऱ्याच ठिकाणी होत्या. पोर्तुगीज हिंदुस्थानच्या नोटा काढणारी बँक म्हणजे ‘बांको नासिओनाल उल्त्रामारिनो’. लिस्बनमध्ये १८६४ ला स्थापना, आणि १८६८ मध्ये नव्या गोव्यात, म्हणजे पणजीत, शाखा. आधी रुपया, म्हणजे रुपिया, आणि सोळा तांगांचा एक रुपिया. १९५० च्या दशकाच्या शेवटी रुपिया जाऊन एस्कुदो आला, सहा एस्कुदोला एक रुपिया या भावानं. म्हणूनच १९५९ च्या नोटा ३०, ६०, ३००, ६०० अशा विचित्र किमतींच्या दिसतात. पाच, दहा, पन्नास, शंभर रुपियांची ती सरळ रूपांतरं आहेत. लोकांच्या डोक्यातला हिशेब मोडू नये म्हणून नव्या चलनाला जुन्याचे आकडे सांभाळावे लागले. एवढं कळलं की ६०० एस्कुदोची नोट वेगळीच दिसायला लागते.

या बँकेचं नाव गोव्यात नोटांपेक्षा सोन्यासाठी जास्त निघतं. लोकांनी गहाण ठेवलेले दागिने डिसेंबर १९६१ मध्ये, गोवा मुक्त होण्याच्या तोंडावर, लिस्बनला हलवले गेले. ते परत आले १९९१ मध्ये, तीस वर्षांनी. बाजारातली एक म्हातारी बाई आपल्या आईच्या बांगड्यांची हकिकत सांगत होती. बांगड्या हाती आल्या तेव्हा आई हयात नव्हती. “पावती मात्र तिनं जपली होती,” एवढंच ती म्हणाली. कर्जाचा कागद जपणं म्हणजे काय, हे मला इतक्या थोडक्यात कुणी सांगितलं नव्हतं.

एका विक्रेत्यानं मला ‘पोर्तुगीज रोखा’ म्हणून काचेच्या चौकटीतला एक कागद दाखवला. किनारी नक्षीदार, रंग पिवळसर, कडा जळक्या. भिंग लावलं आणि दोन क्षणांत उलगडा झाला. खऱ्या रोख्याची नक्षी धातूच्या पत्र्यावर कोरलेली असते. शाई कागदावर उठून येते, बोट फिरवलं की लागते, आणि भिंगाखाली प्रत्येक रेघ सलग दिसते. या कागदावर रेघा नव्हत्या, ठिपके होते. आजच्या ऑफसेट यंत्राचे ठिपके. पिवळा रंग कागदाच्या पोटातून आलेला नव्हता, वरून लावलेला होता. ज्यांना या वाटेला यायचं आहे त्यांनी आधी दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्यावं आणि मगच पाकीट काढावं. जुनेपणाचा आव आणलेल्या कागदाच्या कडा नेहमीच जरा जास्त जळक्या असतात.

शनिवार

काकांचं घर म्हार्दोळच्या बाजूला, कुळागराच्या कडेला. सुपारीची बाग, पाटाचं पाणी, ओसरीवर झोपाळा. काका सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले. आधी मला पुण्याच्या पाण्याबद्दल, नाटकांबद्दल, माझ्या नोकरीबद्दल विचारलं. आतेभाऊ गप्प बसून होता. काकींनी कोकम सरबत आणलं. मग काका म्हणाले, “तुम्ही कागद विकत नाही ना?” मी म्हटलं, “अदलाबदल करतो, काका. विक्री अजून केलेली नाही.” ते उठले.

पेटी सागवानी. वरच्या थरात मोझांबिकचे कागद. काकांचे मोठे चुलते तरुणपणी बैरा बंदरात नोकरीला गेले होते. गोव्यातले कितीतरी हिंदू आणि ख्रिस्ती कारकून तसे आफ्रिकेतल्या पोर्तुगीज वसाहतींत गेले. बैरा शहर तेव्हा सरकारच्या हातात नव्हतं. ‘कोंपान्यिया द मोसांबिक’ या सनदी कंपनीकडे १८९१ च्या सनदेनं तो सगळा मुलूख होता. कर तीच घ्यायची, टपाल तिकिटं तीच काढायची, पोलीस तिचे. तिची सत्ता १९४२ मध्ये संपली. तिचे शेअर युरोपभर विकले गेले, म्हणून कागदावर एकापेक्षा जास्त भाषा. संग्राहकांत ते सहज मिळतात, किंमत फार नाही. पण बैऱ्यात राबलेल्या कारकुनानं आपल्या पगारातून घेतलेला आणि बोटीनं गोव्याला आणलेला शेअर वेगळा. त्याच्या पाठीवर चुलत्यांनी पेन्सिलीनं मोडीत तारीख टाकली होती. काकांना मोडी वाचता येत नव्हती. मला येते. मी वाचून दाखवली तेव्हा झोपाळा थांबला.

मी सोबत माझी फाइल नेली होती. त्यात लिस्बन शहराच्या १८८६ च्या चार टक्क्यांच्या कर्जाचा रोखा आहे. किंमत पोर्तुगीज रेइसमध्ये आणि जर्मन मार्कमध्ये छापलेली, कारण गिऱ्हाईक जर्मनीत होतं. एक इंग्रजी पौंड म्हणजे ४,५०० रेइस, हा भाव पोर्तुगालनं १८५४ पासून धरून ठेवला होता. १८९२ मध्ये देशाची तिजोरी आटली आणि परदेशी कर्जाचं व्याज एक तृतीयांशावर आलं. काकांनी तो रोखा बराच वेळ न्याहाळला. “ज्यानं गोवा पाहिला त्याला लिस्बन बघायची गरज नाही, असं आमच्याकडे म्हणायचे,” ते म्हणाले. “तुम्ही लिस्बनच इथं आणलंत.”

मग ते आत गेले आणि ज्यासाठी मी आलो होतो तो कागद घेऊन आले. काकांची मुलगी इंग्लंडमध्ये स्विंडनला असते. तिथं गोवेकरांची मोठी वस्ती आहे. बाबांची आवड ओळखून तिनं एका प्रदर्शनात त्यांच्यासाठी घेतला होता: रिओ द जानेरो शहराचा १९२० च्या दशकातला डॉलर रोखा, स्पेसिमेन, छापखाना ‘अमेरिकन बँक नोट कंपनी’.

जेवणाच्या टेबलावर स्वच्छ पांढरं धोतर अंथरून त्यावर तो ठेवला. कडेची नक्षी आधी बघितली. वेलबुट्टी वाटते, पण हातानं काढता येणार नाही असे एकात एक गुंफलेले वक्र. ते यंत्रानं कोरलेले असतात, नक्कल करणाऱ्याला तेच यंत्र तशाच चाकांच्या जोडणीनं चालवावं लागेल, आणि ती जोडणी कागदावर कुठेच लिहिलेली नसते. वर उजवीकडे नंबराच्या जागी ओळीनं शून्यं. खाली सह्यांच्या जागी छोटी गोल छिद्रं, इतकी स्वच्छ की कडेला तंतूही सुटलेला नाही. आडवा लाल शिक्का. आणि खाली जोडलेली कूपनं, सगळीच्या सगळी. खऱ्या रोख्यावर दर सहा महिन्यांनी एक कूपन कात्रीनं कापायचं, बँकेत द्यायचं आणि व्याज घ्यायचं. रोख्यावर किती कूपनं शिल्लक आहेत त्यावरून शहरानं कधीपर्यंत शब्द पाळला ते कळतं. नमुन्यावर एकही कात्री चाललेली नसते. शहरानं वचन दिलं त्या दिवशीचा तो कागद आहे, पुढे मंदीत ब्राझीलचे हप्ते रखडले त्याचा मागमूस त्याच्यावर नाही.

काकांनी विचारलं, “एवढा बंदोबस्त कशाला? नमुनाच तर आहे.” उत्तरादाखल मी त्यांना आल्व्हिश दुश रेइश या माणसाची गोष्ट सांगितली. गोवेकराला ती माहीत असायलाच हवी, कारण त्या नोटेवर वास्को द गामा होता. १९२४-२५ मध्ये या गृहस्थानं बँक ऑफ पोर्तुगालच्या नावे खोटे करार तयार केले आणि लंडनच्या ‘वॉटरलो अँड सन्स’ या नामांकित छापखान्याकडून ५०० एस्कुदोच्या नोटा छापून घेतल्या. छापखाना खरा, ठसे खरे, कागद खरा, शाई खरी, फक्त ऑर्डर खोटी. त्या पैशातून त्यानं ‘अंगोला ए मेत्रोपोल’ नावाची बँकच काढली. डिसेंबर १९२५ मध्ये पोर्तो शहरात एकाच नंबराच्या दोन-दोन नोटा निघाल्या आणि बिंग फुटलं. बँक ऑफ पोर्तुगालनं वॉटरलोवर लावलेला दावा १९३२ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेला आणि बँक जिंकली. वॉटरलो हा नुसत्या नोटांचा छापखाना नव्हता, जगभरच्या शहरांचे आणि रेल्वेंचे रोखे तिथं छापले जायचे. ठशाची आणि नमुन्याची चावी कुणाकडे आहे यावर त्या धंद्याची सगळी पत उभी होती. छिद्रं, शून्यं, लाल शिक्का हे सगळं त्या पतीचं रक्षण आहे.

काकी मधेच येऊन म्हणाल्या, “जेवून घ्या, हुमण थंड होतंय.” धोतर कागदासकट उचलून आधी कपाटात गेलं, मगच पानं मांडली.

जेवताना मुंबईचा विषय निघाला. माझा फार दिवसांचा शोध आहे बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या रोख्याचा. १८९६ च्या प्लेगनं मुंबई हादरली, १८९८ मध्ये हा ट्रस्ट स्थापन झाला. दाटीवाटीच्या वस्त्यांतून प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड असे रुंद रस्ते काढले ते त्यानं, कर्ज काढून. १९३३ मध्ये तो महापालिकेत विलीन झाला. काकांचे आजोबा गिरगावात खानावळीत राहून नोकरी करत, त्यांनी प्लेगही पाहिला आणि नवे रस्तेही. कर्ज फिटलं, रस्ते आजही वापरात आहेत, कागद दिसत नाही. आणि आमच्या पुण्याचं बघा. महापालिकेनं २०१७ मध्ये पाणीपुरवठ्यासाठी २०० कोटींचे रोखे काढले, दहा वर्षांच्या मुदतीचे, ७.५९ टक्क्यांनी. सगळा व्यवहार डिमॅट. त्याला ना नक्षी, ना कूपन, ना नमुना. शंभर वर्षांनी या कर्जाची साक्ष द्यायला संगणकातली एक नोंद असेल. व्यवहाराला हेच सोयीचं आहे हे मला पटतं, आणि तरीही वाईट वाटतं.

रविवार

सकाळी जुन्या गोव्याला थोडा वेळ. व्हाइसरॉयच्या कमानीखालून नदीकडे उतरणारा रस्ता, से कॅथेड्रल, पर्यटकांच्या बसेस. लिस्बनच्या तोडीचे नागरी हक्क मिळालेल्या नगरसभेचं हे शहर. सभा गेली, घरं गेली, चर्चेस उरली. तिथून परत काकांकडे, कारण पेटीचा खालचा थर राहिला होता.

या थरात कोमुनिदादचे कागद होते, आणि खरं सांगायचं तर रिओच्या रोख्यापेक्षा मला ते जास्त मोलाचे वाटले. गोव्यात गावची जमीन गावकऱ्यांची सामाईक. या गावकारीच्या, म्हणजेच कोमुनिदादच्या, रीतीभाती १५२६ मध्ये अफोन्सो मेशिया यानं सनदेत नोंदवून घेतल्या, म्हणजे पोर्तुगीज यायच्या आधीपासूनची ही व्यवस्था. शेतं लिलावानं द्यायची, बांध आणि मानसी, म्हणजे पाण्याची दारं, सांभाळायची, खर्च वजा जाता उरलेल्यातून गावकाराला त्याची जोण, म्हणजे वाटा, द्यायची. पुढे यात भागधारकही आले. भाग विकता येत, वारशानं येत, आणि त्यांची प्रमाणपत्रं असत. लंडन किंवा न्यूयॉर्कच्या छापखान्यानं त्यावर नक्षी कोरलेली नाही. साधा छापील कागद, शाईनं भरलेलं नाव, शिक्का. पण हे गोव्याचं स्वतःचं भांडवल, गोव्यात उभं राहिलेलं. १९६४ च्या कूळ कायद्यानंतर कोमुनिदादींचं उत्पन्न आटलं आणि अशा कागदांकडे घराघरांत दुर्लक्ष झालं.

त्यातल्या दोन कागदांना कसर लागली होती. एक काकांनीच, जपायचं म्हणून, बाजारातून लॅमिनेट करून आणला होता. लॅमिनेशन म्हणजे गरम प्लास्टिक कागदाच्या अंगात चिकटवणं, ते पुन्हा निघत नाही. मी सोबत नेलेली पॉलिएस्टरची पारदर्शक पाकिटं काढली. पीव्हीसीची नव्हेत, कारण ती काही वर्षांत चिकट होतात आणि शाई ओढून घेतात. प्रत्येक कागद मऊ ब्रशनं झाडला, घडी हळूहळू उलगडली, टाचण्या काढल्या. टाचणीच्या गंजाचा डाग कागदाच्या आरपार जातो आणि शेवटी तिथं भोक पडतं. डांबरगोळ्या काढून टाकल्या, सिलिका जेलच्या पुड्या ठेवल्या. गोव्याच्या दमट हवेत पेटी वर्षभर बंद ठेवण्यापेक्षा कोरड्या दिवसांत उघडून वारा दिलेला बरा, हे काकींनी न सांगताच ताडलं. “पापडांचं करतो तसंच की,” त्या म्हणाल्या.

आतेभावानं प्रत्येक कागदाचे दोन्ही बाजूंनी फोटो काढले. मी यादी केली: कुणाच्या नावे, कुठल्या गावचा, किती भाग, कुठली तारीख, पाठीवर काय लिहिलंय. यादी करताना दोन शेअर असे निघाले की त्यांच्या कंपन्या पुढे दुसऱ्या कंपन्यांत विलीन झाल्या असाव्यात. जुना शेअर चौकटीत लावण्याआधी कंपनी हयात आहे का, वारसांचं काही येणं आहे का, हे बघावंच लागतं. आता कागदी शेअर थेट दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही, आधी डिमॅट करावं लागतं. ते काम काकांच्या भाच्याकडे दिलं.

तेवढ्यात स्विंडनहून मुलीचा व्हिडिओ कॉल आला. कोमुनिदादचे कागद तिकडे नेऊन लिलावात बघू का, असं ती विचारत होती. तिला समजावलं: ऐतिहासिक मोलाची ७५ वर्षांहून जुनी कागदपत्रं १९७२ च्या पुरावशेष कायद्यात येतात, ती देशाबाहेर नेता येत नाहीत. बाहेरून इकडे आणायला हरकत नाही, तिनं रिओचा रोखा आणला तसा. “मग इथूनच शोधत राहते,” ती म्हणाली, आणि मुरगाव-कॅसलरॉक रेल्वेच्या रोख्याबद्दल बाबांना विचारू लागली. तिला मी कंपनीचं पूर्ण नाव लिहून पाठवलं. या मार्गाचा नमुना रोखा कुठं निघालाच तर तो लंडनच्याच एखाद्या दप्तरातून निघेल.

निघताना अदलाबदल झाली. माझ्याकडचा मॉस्को शहराचा एक रोखा काकांना दिला, त्यांनी मोझांबिकचा एक शेअर दिला, मोडीतली तारीख नसलेला. तारखेचा त्यांनी स्वतःकडे ठेवला आणि ते योग्यच झालं. कोमुनिदादच्या यादीची एक प्रत ते पुराभिलेख खात्यात नेऊन दाखवणार आहेत. गोयकानडीतल्या तीन पानांचे फोटो मी सोबत घेतले आहेत, ती वाचून देणारा माणूस पुण्यात शोधायचा आहे. रिओचा रोखा मला देता का, असं मी विचारून बघितलं. काका नाही म्हणाले.